पास केलेला लॉट

जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं माझं घाटकोपरला दुकान आहे. काल माझे जुने वरिष्ठ, राणे साहेब, स्वतःच्या आईच्या आवाजाची कॅसेट घेऊन आले. त्यांनी मला ओळखलं नाही. डबी उघडताच टेपचा तो औषधी वास आला आणि मी मनाने विक्रोळीच्या कॅसेट कारखान्यातल्या प्रयोगशाळेत पोचले.

तिथे मी टेपचं चुंबकत्व मोजायचे. स्क्रीनवर रुंद, चौकोनी आलेख यायला हवा. त्या दिवशी बारीक काकडीसारखा आला.

"साहेब, या टेपवर आवाज टिकणार नाही."

राणे साहेबांनी दुसऱ्याच, चांगल्या रोलची पट्टी कापून यंत्रात सरकवली. "हा बघ, झकास आलेख! आवाज न टिकायला काय झालं? लॉट पास. आणि तू उद्यापासून पॅकिंगला जा."

दिवाळीला स्टाफला कोऱ्या कॅसेट फुकट मिळायच्या. त्या वर्षी याच लॉटच्या वाटल्या. साहेबांनी खोकाभर नेल्या. पॅकिंगच्या टेबलाशी उभी राहून मी बघत होते, डोळे भरून आले होते. आता ते खोकं आठवलं की बरं वाटतं.

काल मी कॅसेट लावली. नुसती खरखर.

"मॅडम, काहीतरी करा ना. आईचा आवाज दुसरा कुठेच नाही हो माझ्याकडे."

मी त्यांना कॅसेटवरचा लॉट नंबर वाचून दाखवला, माझं नाव सांगितलं. ते खाली बसले. ती बाजू संपल्यावर मी कॅसेट उलटी करून दुसरी बाजू लावली.