फुली मंद होते तेव्हा

"वहिनी, मी त्या फुलीला हातही लावला नाही. कितीदा सांगू?"

"मग काय, ती आपणहून लाजली?"

वहिनी म्हणजे हमरस्त्यावरच्या दिव्यांच्या पाट्या आखणारी बाई. कोणत्या लेनला किती वेग, कोणती लेन बंद, हे गाड्यांच्या डोक्यावरून सांगणाऱ्या पाट्या. आकडा किती जाड, बंद लेनवरच्या लाल फुलीला किती दिवे, सगळं तिच्या हातचं. नवी पाटी आली की कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, डोळे किलकिले करून न्याहाळायची. माणसांकडेही तशीच बघायची.

डागडुजीसाठी लेन बंद केल्यापासून पुलाजवळची फुली तीन दिवस सकाळी आठला मंद होत होती. काल तर एक ट्रक बंद लेनमध्ये घुसला आणि डागडुजीवाल्यांचे शंकू उडवत गेला. माणसं वाचली ती वीतभर अंतराने. उजेड कमी करायची कळ नियंत्रण कक्षात, आणि त्या वेळेला तिथे बसणार तिचा धाकटा दीर. संगणकात कळ दाबल्याची कसलीच नोंद नव्हती. म्हणजे यानेच पुसली, असं वहिनीने धरलं. दुपारी द्यायच्या अहवालात त्याचं नाव लिहून झालं होतं, सही तेवढी राहिली होती. सही झाली की त्याची नोकरी गेलीच. नवरा सकाळी चहा घेताना एक शब्द बोलला नव्हता. तिला त्याचाही संशय आला, भावाला सामील असल्याचा.

तर आठ वाजता ती पुलाजवळ, रस्त्याच्या कडेला उभी. फोनवर दिराला दम दिला, दोन्ही हात डोक्यावर ठेव. फोन त्याच्या साहेबाने धरला होता, साक्षीला.

फुली मंद झालीच.

सूर्य नेमका पाटीच्या मागून वर येत होता. येणारे ड्रायव्हर डोळे बारीक करून गाडी हाकत होते. पाटीचं तोंड मात्र स्वतःच्याच सावलीत. तिथला उजेड मोजणारा काचेचा डोळा अंधार समजून दिवे उतरवत होता. पाठीमागचं ऊन बघून दिवे चढवायला मागे दुसरा डोळा हवा, तिथे नुसतं झाकण.

बसवणाऱ्यांनी हडपला, हे मनात येतंय तोवर तिने पिशवीतून पाटीचा नकाशा काढला. मागच्या डोळ्यावर काट. शेजारी तिचंच अक्षर, 'पाठीला डोळा कशाला?', आणि खाली तिचीच सही. कारखान्यात उजेड छतातून पडायचा, दोन्ही डोळे कायम एकच आकडा सांगायचे. म्हणून एक उडवला.

"वहिनी, हात खाली घेऊ का? मुंग्या आल्या."

"घे. आणि फुली तिथून पूर्ण उजेडावर लाव. मी सांगेपर्यंत सोडायची नाही."

"आता लावू हात? परत म्हणाल."

"लाव म्हणते ना."

फुली रसरशीत लाल झाली. तिने अहवालातलं दिराचं नाव खोडलं, वर स्वतःचं लिहिलं आणि सही ठोकली. माफीबिफी काही मागितली नाही. त्याच नकाशावरून अजून एकवीस पाट्या लागल्या होत्या. त्यातल्या किती उगवतीला पाठ करून आहेत ते बघायला ती पुढच्या पाटीकडे चालू लागली.