आत्याचा धवला आणि मुंबईचा जलसा

मुंबईत लोकगीतांचा जलसा होणार, अमुक दिवशी, अमुक थिएटरात, सर्वांनी अगत्य यावं, असा कागद कुठं भिंतीवर डकवलेला दिसला की माझं डोकं फिरतं. सून हसते. म्हणते, "आई, माणसं गाणार, माणसं ऐकणार, तुमचं काय जातं त्यात?" आता तिला काय सांगू काय गेलं ते. तिला वाटतं म्हातारी सगळ्याच गोष्टींवर खेकसते, तशी ह्याच्यावरही खेकसते.

माझं माहेर वसईच्या खाडीकडचं. एका अंगाला भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला मिठागरं. आमच्यात लग्न भटजी लावतो हे खरं, पण भटजीच्या आधी धवलारीण लागते. धवलारीण म्हणजे लग्नात धवला म्हणणारी बाई. ती पाटाशी बसते आणि गाण्यातून एकेका देवाला नाव घेऊन बोलावते. गावदेवीला, वेशीवरच्याला, खाडीपलीकडच्याला. मग घरातली गेलेली माणसं. आजा, पणजा, लहानपणी वारलेलं पोर असेल तर तेही. सगळ्यांना मांडवात बोलवायचं, बसवायचं, हळद दाखवायची, आणि शेवटी त्याच नावांनी ज्याला त्याला त्याच्या वाटेनं परत पाठवायचं. बोलावणं आणि पाठवणं, अशी धवल्याला दोन टोकं. बोलावलेला परत पाठवला नाही तर तो घरातच अडकतो, असं आमच्याकडे मानतात. मी मानते की नाही ते विचारू नका. मला त्या गावात राहायचं होतं.

आमच्या गावची धवलारीण म्हणजे माझी आत्या, माझ्या बापाची थोरली बहीण. लग्न करून दिली गावातच होती. नवरा मिठागरावर कामाला, घर आमच्याच आळीत. आवाज असा की मांडवात बसलेली पुरुषमंडळी विडी विझवायची. धवला एकटीनं म्हणता येत नाही. एक ओळ धवलारीण म्हणते, तीच ओळ मागून दुसरीनं उचलायची असते, तिला झील म्हणतात. झील आली नाही तर पुढची ओळ निघत नाही. कळायला लागल्यापासून आत्याची झील मीच धरायची. माझा बाप मी लहान असतानाच गेला. पुढं प्रत्येक लग्नात आमच्या भावकीचं कुणी असलं की आत्या त्याचं नाव घ्यायची आणि मी मागून घ्यायची. मला बापाचा चेहरा नीट आठवत नाही. पण त्याचं नाव मी जितक्या वेळा गायलेय तितक्या वेळा दुसऱ्या कुणी घेतलंही नसेल.

मी सोळा-सतराची असेन तेव्हा मुंबईतल्या कुठल्याशा मंडळाचे एक साहेब आमच्याकडे आले. देश नुकता स्वतंत्र झालेला. आता आपली मूळची गाणी शोधायची, लोकांपुढं मांडायची, असं त्यांच्या डोक्यात. चष्मा, खादीचा सदरा, बोलणं गोड. त्यांनी छापील कागद दाखवला. दिवाळीनंतर जलसा, त्यात अर्नाळ्याकडचे कोळी नाचणार, डोंगरातला तारपा वाजणार, आणि एक जागा मोकळी होती, तिथं आत्याला घालायचं होतं.

आत्या सरळ म्हणाली, "लगीन नाय तर धवला नाय. देव काय रिकामे हायत, उगाच बोलवायला?"

साहेब हसले. पण माझा काका हसला नाही. बापाच्या मागं घरात तोच कर्ता. त्याला साहेबांच्या शेजारी खुर्चीत बसायला मिळालं होतं, आणि ती खुर्ची त्याला सोडवेना. तो दिवसभर आत्याच्या मागं लागला. गावाचं नाव होईल, तालुक्याचं नाव होईल, आणखी कुणाकुणाचं होईल. शेवटी आत्यानंच वाट काढली. दिवाळीनंतर म्हणजे तुळशीच्या लग्नाचे दिवस. "तिथं तुलस मांडा," ती साहेबांना म्हणाली. "तुलशीचं लगीन लागंल, त्याचा धवला मी म्हनेन. पन बोलवन्यापासून पाठवन्यापरंत सगला." साहेब म्हणाले, "अगदी तुम्ही म्हणाल तसं." अशी माणसं अगदी तुम्ही म्हणाल तसंच म्हणतात.

बोलल्याप्रमाणे तुळस मात्र होती. खोटं कशाला बोलू. थिएटरात रंगमंचाच्या मधोमध कुंडी, तिला चार ऊस बांधलेले, चिंच-आवळेही होते. आत्यानं कुंडीला हळद-कुंकू लावलं आणि तिचा चेहरा सैल झाला. मला म्हणाली, "बस माज्या मागं. लोकांकडं बगू नको." समोर माणसंच माणसं, बायका साड्या चापूनचोपून नेसलेल्या. काका पहिल्या रांगेत साहेबांजवळ, टोपी मांडीवर.

आत्यानं सुरुवात केली. गावदेवी आली, वेशीवरचा आला, खाडीपलीकडचे आले. मग माणसं. तुळशीला माहेर कुठलं असणार? म्हणून आत्यानं आमचंच घर तिचं माहेर धरलं आणि आमचीच माणसं बोलावली. आजा, आजी, आणि शेवटी माझा बाप. त्याचं नाव तिनं असं उंच नेलं की तसं आजवर कुठल्या लग्नात नेलं नव्हतं. मीही झील तिथवर नेली. आता बसवायचं, हळद दाखवायची, मग पाठवायचं.

तेवढ्यात घंटा वाजली.

प्रत्येकाला वेळ ठरवून दिलेली होती म्हणे. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आत्या आलीच नसती, आणि ते काकाला पक्कं ठाऊक होतं. घंटेबरोबर पडदा खाली आला. पलीकडं टाळ्यांचा कडकडाट. आत्या पडद्याच्या आत म्हणतच होती. एक माणूस येऊन म्हणाला, "बाई, झालं. फार छान झालं. आता उठा." दोघांनी तुळशीची कुंडी उचलून बाजूला नेली आणि कोळ्यांचे ढोल आत आले.

आत्या उठली. माझं मनगट धरलं आणि थिएटरच्या मागच्या दारानं बाहेर पडली. तिथं एक नळ होता, खाली दगड. ती दगडावर बसली, पदर डोक्यावर घेतला, नि जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं धरलं. बसवणं, हळद, पाठवणं, सगळं. आत ढोल बडवत होते, मला तिचा आवाज तिच्या तोंडाशी कान लावून ऐकावा लागला. मी झील धरली. शेवटचा माझा बाप गेला, मग तिनं नळाचं पाणी डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, "चल. झालं."

काका तेव्हा साहेबांबरोबर चहा घेत होता. त्यानं यातलं काही पाहिलं नाही.

गावात आल्यावर काकानं चार दिवस आळीभर फुशारकी मारली. कशी माणसं होती, कशा टाळ्या पडल्या, ऐन भरात असताना पडदा कसा झरकन खाली आला. मूर्ख माणूस. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हाताऱ्यांनी बरोबर तेवढंच उचललं. पडदा भरात पडला म्हणजे पाठवणं झालं नाही. देव बोलावले आणि मुंबईत सोडून आली. त्या हंगामात गावातली एक सोयरीक मोडली, एका घरी बाळंतीण दगावली, आणि लोकांना कारण हवंच होतं. काकाला विचारलं तेव्हा तो स्वतःला वाचवायला म्हणाला, "मी सांगत होतो तिला, जाऊ नको म्हणून. पडदा पडला तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला."

मी घरोघर जाऊन सांगितलं की आत्यानं नळाजवळ बसून सगळं पुरं केलं. झील मीच धरली. तर एक म्हातारी मला म्हणते, "नलाजवल? नलाजवल कुटं देव पाठवतात?" आणि सगळ्या हसल्या. पोरीचं कोण ऐकतं? आत्यानं स्वतः काही सांगितलं नाही. मी भांडले तिच्याशी, की बोल, तोंड उघड. ती म्हणाली, "ज्यांना पाठवलं त्यांना म्हाईत हाय." मला तेव्हा तिचाही राग आला होता. अजूनही थोडा येतो.

लग्नांची बोलावणी बंद झाली. शेजारच्या गावची धवलारीण आणू लागले. एकदा तर आत्याच्या सख्ख्या शेजारच्या मांडवात ती परकी बाई म्हणत होती आणि आत्या इकडं ओटीवर भात पाखडत होती.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. मी काकाला तोंडावर सांगितलं, धवला आत्याच म्हणेल. काका म्हणाला, "बघू." काकाचं बघू म्हणजे नाही. त्याच सुमारास बसीन रोड, म्हणजे आताच्या वसई रोड, स्टेशनाबाहेर पुन्हा छापील कागद लागले. पुन्हा तोच जलसा, तेच मंडळ. यंदा त्यात 'वसईकडील धवला' असं छापलेलं, आणि म्हणणार मुंबईच्या बायका. त्यांनी आदल्या वर्षी थिएटरात बसून शब्द उतरवून घेतले होते. आयत्या बिळावर नागोबा! काकानं जाऊन साहेबांना माझ्या लग्नाचं आवतण दिलं, आणि साहेबांनी आहेर म्हणून त्या बायकांनाच पाठवायचं कबूल केलं. आख्ख्या गावात काका छाती काढून फिरला. मुंबईच्या जलशातल्या बायका आपल्या मांडवात!

आल्या त्या. नऊवारी नेसलेल्या, पण अशा की आमच्याकडच्या बाईला त्यात चालता येणार नाही. बरोबर पेटी आणि पेटी वाजवणारा. मी मुंडावळ्या बांधून पाटावर बसलेली. आत्याला मागच्या पडवीत वाल सोलायला बसवलं होतं. सख्ख्या भाचीच्या लग्नात.

त्यांनी सुरू केलं. आवाज गोड होते, तेही खोटं सांगत नाही. गावदेवी आली, वेशीवरचा आला. मग माणसं सुरू झाली. तीच नावं. माझा आजा, माझी आजी, उतरवून घेतली तशी, चुकीच्या जागी श्वास घेत. आणि मग माझ्या बापाचं नाव, आत्यानं नेलं होतं तसंच उंच. त्यांना वाटलं असेल हेही गाण्यातलंच काहीतरी. तो कोण होता हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ज्याची मुलगी पाटावर बसलीय तोच तो, हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. आणि तिथंच, जिथं घंटा वाजली होती बरोबर तिथंच, त्या थांबल्या. हात जोडले. त्यांच्या लेखी धवला तेवढाच.

मांडवानं टाळ्या वाजवल्या. आमच्या गावात धवल्याला टाळ्या त्या दिवशी पहिल्यांदा वाजल्या. ज्यांनी आत्याला अर्धा टाकला म्हणून वाळीत टाकली तीच माणसं. एकालाही कळलं नाही की हा अर्धाच आहे. गाढवांनो, असं ओरडावंसं वाटलं मला. भटजी घड्याळ बघत होता. आणि माझा बाप बोलावलेला, मांडवात उभा, त्याला ना कुणी बसवणार ना कुणी पाठवणार.

मागच्या पडवीतून आवाज आला. मोठा नव्हता. आत्यानं वाल सोलता सोलता पुढची ओळ धरली होती. ओळ संपली आणि ती थांबली, झिलेसाठी. तिच्याभोवती दहा बायका बसलेल्या, सगळ्यांना ती ओळ पाठ. कुणी उचलली नाही. काका मांडवातून म्हणाला, "गप करा रे तिला." आत्यानं तीच ओळ पुन्हा म्हटली आणि पुन्हा थांबली.

नवरीनं आपल्या लग्नात धवला म्हणायचा नसतो. नवरीनं मान खाली घालून बसायचं असतं. मी मान वर केली आणि झील धरली.

काका माझ्याकडं असा बघत होता की जणू मी कपडे उतरवले. ओळ पडवीतून यायची, मी पाटावरून द्यायची. गावदेवी गेली, वेशीवरचा गेला, आजा गेला, आजी गेली. शेवटी बाप. त्याचं नाव आत्यानं या वेळी उंच नेलं नाही, अगदी बोलल्यासारखं घेतलं. मीही तसंच घेतलं. मग भटजीनं अंतरपाट धरला.

सासरी माझी ओळख तीच झाली. नवरी असून मांडवात तोंड उघडणारी. सासूनं उंबरठ्यावरच सांगितलं, आमच्या घरात गाणं चालायचं नाही. मी म्हटलं, माझं म्हणून झालंय. ते उत्तर ती मरेपर्यंत विसरली नाही, आणि मला विसरूही दिलं नाही. माझ्या पोरांच्या लग्नांत मला पाटाजवळ बसू दिलं नाही. काका मात्र पुढं त्या मंडळाच्या कागदावर नाव छापण्याएवढा मोठा झाला.

पहिल्या सणाला माहेरी गेले तेव्हा आत्या अंगणात पेंढा रचत होती. लग्नानंतर गावात कुणी तिला धवल्याला बोलावलं नव्हतं, पुढंही बोलावणार नव्हतं. मी तिच्याजवळ बसले आणि इतके दिवस मनात होतं ते विचारलं. म्हटलं, आत्या, माझ्या मांडवातून सगळे गेले ना गं?

तिनं हातातला पेंढा खाली ठेवला. म्हणाली, "गेले सगले. तुजा बापूस तेवडा मागं वलून बगत होता."