तो उटला

"आधी तोंडातली ढेकळं काढ, मग वाच." ग्रीकच्या तासाला सर मला म्हणाले. अख्खा वर्ग हसला.

मी नगरला पाळक व्हायचं शिक्षण घेत होते. नवा करार मुळातून वाचता यावा म्हणून ग्रीक घेतलेलं. त्या दिवशी एकच क्रियापद होतं. एगेइरो, मी उठवतो. एगेइरे, ऊठ. एगेर्थे, उठवला गेला. माझ्या तोंडून आलं 'एगेर्ते'. आमच्या घोडेगावाकडं माणूस उठत नाही, 'उटतो'. थ, ठ आमच्या जिभेवर टिकतच नाहीत, त्याला मी काय करू?

उतारा पक्षाघाती माणसाचा होता. येशू त्याला ऊठ म्हणतो आणि तो आपली बाज उचलून सगळ्यांदेखत चालायला लागतो. मी अर्थ सांगितला, "तो उटला."

"उठवला गेला," सर म्हणाले. "कर्मणी रूप आहे. तुला तर सोपं जायला हवं. तुम्हाला मिशननं उठवलं म्हणून उठलात, नाहीतर अजून मेलेली ढोरं ओढत असता. लिही."

सरांचे पणजोबाही बाटलेलेच. पण बामणाचे. एकाच देवळात, म्हणजे चर्चमध्ये, एकाच प्याल्यातून आम्ही प्रभुभोजन घेतो. जात काही त्या प्याल्यात बुडाली नाही.

माझ्या अंगाची आग आग झाली. माझ्या पणज्यानं ढोरं ओढायची सोडली तेव्हा गावानं आमचं पाणी तोडलं. मिशनचा साहेब तेव्हा नगरात, बंगल्यात होता. चावडीपुढं मार खायला पणजा एकटाच होता. आणि म्हणे उठवलं!

मी पेन खाली ठेवलं.

"न्हाई लिहिनार, सर."

"का?"

"रूप कर्मणी हाय, मान्य. पन बाज कुनी उचलली? त्यानंच ना? मंग तो उटलाच."

"नापास होशील. पाळक व्हायचं विसर."

"व्हऊ द्या नापास."

मी वही मिटली.

सरांनी खरंच नापास केलं. मी परत परीक्षेला बसतेय. पाळक होणार, गावच्या देवळात उभी राहणार आणि माझ्याच जिभेनं वाचणार. पुन्हा नापास केलं तर पुन्हा बसेन. पण 'उठवला गेला' हे माझ्या हातून लिहून घेणं त्यांच्या बापालाही जमायचं नाही.