अक्कांनी सही केली नाही

बिदरच्या मास्तरणींच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये आम्हाला शिकवणाऱ्या अक्कांचा एक नेम होता. मुलीला फळ्यासमोर उभं करण्याआधी त्या तिला न येणाऱ्या भाषेच्या शाळेत, पहिलीच्या पोरांत खाली बसवायच्या. मी भालकीकडची, मराठी घरची. कानडी येत होती, बाजारापुरती उर्दूही. म्हणून मला तेलुगू वर्गात धाडलं. बाई हसल्या की मी हसायची, पोरांनी पाटी काढली की मी काढायची. दुपारपर्यंत डोकं भणाणलं.

संध्याकाळी अक्कांनी विचारलं, “कळलं काही?”

“न्हाई, अक्का.”

“गुमान बसली होतीस म्हणे. त्या बाईला वाटलं, पोरगी लई हुशार हाय!”

अक्का घरी कानडी बोलायच्या, आमच्याशी मराठी, आणि चिडल्या की दखनी. त्यांच्या तोंडून दखनी आली की आम्ही वाट सोडायचो.

वार्षिक परीक्षेत शिकवून दाखवायचा पाठ कानडी शाळेत होता. माझ्याबरोबर शिकणारी रुक्मिणी धनगराच्या घरची, त्या घरातली पहिलीच शिकलेली. नापास झाली तर बाप घरी नेणार, हे ठरलेलं. तिचा पाठ रंगात आला आणि पुढच्या रांगेतलं एक लेकरू मुसमुसायला लागलं. तिनं कानडीत विचारलं, ते बोलेना. मग ती त्याच्याशेजारी बसली आणि मराठीत बोलली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिथंच पाठ थांबवला. कानडी वर्गात मराठी चालणार नाही, नापास.

“साब, बच्चा रोरा था,” अक्का म्हणाल्या. “पाठ किसके वास्ते था?”

गुणपत्रकावर अक्कांचीही सही लागायची. त्यांनी ती केली नाही. मुख्याध्यापकांनी समजावलं, दटावलं. शेवटी दुसरे परीक्षक आले, पाठ पुन्हा झाला, रुक्मिणी पास झाली. निकालापाठोपाठ अक्कांची अफजलपूरला बदली झाली.

बसस्टँडवर रुक्मिणी रडत होती. “माझ्यापायी झालं, अक्का.”

“रडायलीस कामून? त्या लेकराला काय झालतं, ते सांग आधी.”

“पोट दुखायलंय म्हणालं.”

“म्हणालं न्हवं? मग झालं की. बाजूला सर, ट्रंक चढवू दे.”

अफजलपूरला त्यांना हायस्कूलचे वर्ग मिळाले. मास्तरणी घडवायचं काम रिटायर होईपर्यंत पुन्हा मिळालं नाही. बिदरला नव्या बाईंनी मुलींना न येणाऱ्या भाषेच्या शाळेत बसवणं बंद केलं. वेळ वाया जातो म्हणाल्या. रुक्मिणी औरादकडे नोकरीला लागली. पहिलीच्या वर्गात पोरं आपापल्या भाषेत बोलतात, फार गोंगाट असतो, असा शेरा तिला दर तपासणीत मिळायचा.