फोटो धुण्याचं पाणी

आमच्या घरात सगळ्यांची समजूत अशी की फोटो खराब होतात ते दमट हवेने. पाऊस, ओल, बुरशी. हवेवर ढकललं की माणूस मोकळा. पण मी उभं आयुष्य न्हाणीत लाल दिवा लावून काळेपांढरे फोटो करत आलो आहे, आणि मला ठाऊक आहे की निम्मे फोटो ते करणाराच मारतो. फोटो पक्का करायला हायपो नावाचं रसायन लागतं. काम झालं की ते कागदातून पुरतं धुवून काढावं लागतं. राहिलं तर ते आत गप बसतं, आणि कित्येक वर्षांनी फोटो आतून पिवळा पडायला लागतो.

गेल्या एप्रिलात दादाने भिंतीवरची तसबीर काढून माझ्या पुढ्यात ठेवली. फोटो वयनीचा, म्हणजे दादाच्या बायकोचा. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आमच्याच विहिरीच्या काठावर, कमरेवर कळशी, मान मागे टाकून हसतेय. तिशीही उलटली नव्हती तिची. मीच काढलेला, मीच धुतलेला फोटो. आता कडेने तपकिरी झाला होता, आणि तो पिवळेपणा तिच्या गालापर्यंत आला होता.

"ह्येका काय झाला रे?" दादाने विचारलं. आयुष्यभर खाणीवर खनिजाचा ट्रक चालवलेला माणूस, बोलणं बेताचंच. मी म्हटलं, "दमट हवा." आणि स्वतःचीच लाज वाटली.

मोबाईलमध्ये वयनीचे ढीगभर फोटो आहेत. पण ते सगळे आजारपणातले, डोक्याला रुमाल बांधलेले. हसणारी वयनी एवढ्या एकाच फोटोत उरली होती. पुण्याला असलेल्या पुतणीने हा पिवळा फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करून पाठवला. गाल गुळगुळीत, दात एकसारखे. दादाने लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाला, "ही दुसरीच कोणतरी." पुतणीला मी सांगितलं, बाबांना आवडला.

म्हणजे निगेटिव्ह शोधणं आलं. माझी 'चांगली' कामं मी फार पूर्वी प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून लोखंडी कपाटात ठेवली होती. मयेचं तळं, पेडण्याची जत्रा, मोरजीची कासवं. माझ्यासारख्या चित्रकलेच्या मास्तराला शोभतील असे विषय. कपाट उघडलं तर पाकिटं फिल्मला चिकटून बसलेली. ओढलं की चित्राचा पापुद्राच निघून येत होता. मी शिव्या घातल्या, अर्थात प्लॅस्टिकला.

घरातल्या माणसांची निगेटिव्हं त्या मानाने बिनमहत्त्वाची. ती मी साध्या कागदी पाकिटांत भरून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकली होती, आणि डबा वयनीच्या हवाली केला होता. वयनी दर मे महिन्यात पुरुमेंत करायची, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. मिरच्या, कोकमाची सोलं, सुंगटं म्हणजे सुकी कोळंबी उन्हात कडकडीत वाळवून डब्यात भरायची. हा डबाही तिने त्यातलाच मानला. दरवर्षी उघडून मूठभर तांदूळ लालसर भाजायची, गार झाले की फडक्यात बांधून ती पुरचुंडी आत टाकायची. ओल तांदूळ ओढतात म्हणे. डबा सुंगटांच्या शेजारी ठेवते म्हणून मी एकदा तिच्यावर खेकसलो होतो. ती म्हणाली, "भावजी, वास येतलो तुमका. फोटोतल्या माणसांका नाय येणा."

डबा माळ्यावर, सुंगटांच्या रिकाम्या डब्याशेजारीच सापडला. झाकण उघडताच तोच वास आला. आत तीच पुरचुंडी. निगेटिव्हं एकूण एक सुटी, स्वच्छ, बुरशीचा ठिपका नाही. विहिरीवरची वयनी उजेडाकडे धरली तर तिचे दातसुद्धा मोजता येत होते. माझी सगळी कासवं मेली होती, आणि हिने स्वतःला सांभाळून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी न्हाणीच्या खिडकीला घोंगडं लावून मी फोटो केला. दादा दाराबाहेर स्टुलावर बसून राहिला. हायपो झाल्यावर मी घोंगडं काढलं आणि म्हटलं, "आता तासभर धुवायचा. दर पाच मिनिटांनी पाणी बदलायचं. बारा कळश्या लागतील." मे उजाडला होता, नळ सकाळचा अर्धा तास. दादा कळशी उचलून विहिरीवर गेला.

पाचव्या कळशीला त्याला धाप लागलेली ऐकली, आणि मला राहवलं नाही. खरं ते बोललो. तो फोटो पहिल्यांदा धुतला तेव्हाही असाच मे होता. विहिरीचा तळ दिसत होता आणि माझ्या फोटोंचं पाणी वयनी ओढत होती. "भावजी, फोटो धुतास काय लुगडी? येवढ्या पाण्यात लग्नाचे तांदूळ धुवून होतीत," म्हणत हसत होती. पण पोहऱ्याच्या दोराने तिचे तळवे सोलले होते, ते मी पाहिले. दोन कळश्यांवर मी फोटो बाहेर काढला आणि झालं म्हणून सांगितलं. फिल्मला तेवढं पाणी पुरतं, कागदाला पुरत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

"हवा नाय दादा. मीच पाणी कमी घातलंय," मी म्हटलं.

दादा कळशी टेकवून उभा राहिला. "तिका म्हायत होता?"

"नाय."

"बरा केलंस," तो म्हणाला आणि पुन्हा विहिरीकडे वळला.

बारा कळश्या झाल्या. फोटो मी दोन बोटांनी उचलून उजेडात धरला. वयनी ओली, काळीपांढरी, हसत होती. दादाने तो पाहिला. पण हातातली कळशी खाली ठेवीना. मी म्हटलं, "पुरे आता. स्वच्छ झाला."

तो तरीही विहिरीवर गेला, आणखी दोन कळश्या घेऊन आला. आपल्या तळव्यांकडे एकदा बघून त्याने त्या हळूहळू टबात ओतल्या.

"ह्यो तिच्याच," तो म्हणाला. "तेवां ओढलेल्यो."