बातमी वर, भाष्य खाली

सकाळी भाजीला म्हणून बाहेर पडायचं आणि दीड तासाने मेथीच्या जुडीबरोबर एखादा किस्सा घेऊन परत यायचं, हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. मेथी त्याच दिवशी संपते. किस्से मात्र साठत जातात. बायको म्हणते, "अमेरिकेत कोण पडलं ते कळलं. कोथिंबीर कुठाय?"

दोष माझा नाही, फळ्याचा आहे. सोलापूरच्या भवानी पेठेत अंबादासअण्णांच्या टॉवेल कारखान्याच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. त्यावर माढेकर सर रोज सकाळी सातला खडूने अमेरिकेची बातमी लिहितात. सर आमच्या शाळेत नागरिकशास्त्र आणि इंग्रजी शिकवायचे, मी तिथेच क्लार्क होतो. सर पक्के उदारमतवादी, आणि अण्णा तिकडच्या त्या डेरिंगबाज उमेदवाराचे भक्त. भिंत एकाची, खडू दुसऱ्याचा!

आता तुम्ही म्हणाल, रिकामटेकडे लोक आहेत झालं. तर तसंही नाही. अण्णांच्या सोळा मागांवरचा माल जवळजवळ सगळा अमेरिकेत जातो. तिकडे काही बिनसलं की इकडे माग थांबतात आणि तीस-चाळीस घरांच्या पोटावर पाय येतो. त्यामुळे तिकडची निवडणूक आमच्या पेठेत नगरसेवकाच्या निवडणुकीपेक्षा गंभीरपणे घेतली जाते.

*

फळ्याचा एक कायदा आहे. वर बातमी, खाली भाष्य आणि मधे लाल खडूची रेघ. सर म्हणतात, "बातमी सगळ्यांची, भाष्य माझं. दोन्हींची भेसळ केली तर मला चौकात उभं करा."

एकदा गल्लीतल्या एका बाई कमरेवर हात ठेवून फळ्यासमोर उभ्या राहिल्या. "सर, आपल्याकडं पाणी पाच-पाच दिवसांनी येतंय, ते लिवा की! अमेरिकेचं काय घेऊन बसलाय?"

सर शांतपणे म्हणाले, "लिहिलं असतं हो. पण फळ्यावर मी खात्रीची बातमीच लिहितो. पाणी कधी येणार हे तुम्ही नक्की सांगा, आत्ता लिहितो."

बाईंनी थोडा विचार केला. "ऱ्हाऊ द्या. अमेरिकाच लिवा!"

*

निकालाच्या दिवशी आम्ही सगळे सातच्या आधीच हजर. सरांच्या पसंतीच्या उमेदवार बाई हरल्या होत्या. आज सर येत नाहीत, अशी चहावाल्या इरफानची खात्री. "आज सर घरसे निकलतेच नै देखो."

सर सातला आले. इस्त्रीचा शर्ट, हातात खडूचा डबा. त्यांनी वर बातमी लिहिली आणि लाल रेघ मारून खाली भाष्य लिहिलं, "आमचा अंदाज चुकला. जनतेचा कौल मान्य. आमचं मत कायम."

अक्षर नेहमीसारखंच. एक वेलांटी हलली नाही! शाळेत मी सरांच्या हातची हजारो पत्रकं पाहिली आहेत, पण त्या दिवशीच्या अक्षराचा मला फार अभिमान वाटला.

तेवढ्यात अण्णा पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि पहिला पेढा सरांसमोर धरला. सरांनी त्यातला अर्धा मोडून तोंडात टाकला. "मला शुगर आहे, नाहीतर अख्खा घेतला असता."

अण्णा खूश. "हरल्यावरबी गोड खाल्लं सरांनी! याला म्हंत्यात दिलदार!"

सर तोंड पुसत म्हणाले, "अण्णा, हीच गोष्ट मागच्या खेपेला हरल्यावर तुमच्या साहेबांना जमली असती, तर माझं निम्मं भाष्य वाचलं असतं!"

*

तिकडे कमी मतं मिळूनही माणूस अध्यक्ष होऊ शकतो, हे इरफानच्या डोक्यात शिरेना. सरांनी चहाचे ग्लास मांडून शिकवणी सुरू केली. "समज, आपल्या जिल्ह्याचा एकच मोठा पुढारी निवडायचाय. हा ग्लास माळशिरस, हा करमाळा, हा अक्कलकोट. माळशिरसमध्ये ज्याला एक मत जास्त, त्याच्या बाजूला अख्खं माळशिरस मोजायचं."

चादरी घ्यायला आलेले एक पाहुणे बाकावर बसून ऐकत होते. डोक्यावर टोपी, पायाशी पिशवी. ते एकदम उठले. "ओ मास्तर, आमी माळशिरसचं. अख्खं माळशिरस एका बाजूला कसं जाईल? आमच्या एका घरात तीन पार्ट्या हायती!"

"तुमच्या घरात?"

"व्हय की! म्हातारा एका पार्टीत, मी दुसऱ्या, आन बायको काय सांगतच न्हाय!"

सर खडू हातात घेऊन दोन मिनिटं नुसते हसत राहिले. मग त्यांनी आपलं भाष्य पुसलं आणि पाहुण्यांचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर चढवलं. खाली "एक मतदार, माळशिरस" असं लिहिलं. पाहुण्यांनी मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि जाताना चादरी बाकावरच विसरले!

*

तिकडून आपल्या लोकांना हातापायांत बेड्या घालून विमानाने परत पाठवल्याची बातमी आली, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. सरांनी भाष्यात लिहिलं, "कायदा पाळायला माणसाला बेडी घालावी लागत नाही."

अण्णा उसळले. "चोरून गेल्यावर काय ओवाळायचं का त्यास्नी? कागद न्हाय तर घरी या. साधा हिशोब हाय."

सरांनी विचारलं, "अण्णा, तुमचे आजोबा तेलंगणातून सोलापुरात आले. कोणता कागद होता त्यांच्याकडे?"

"कागद कुठला? चालत आले. आज्जी, दोन पोरं आन डोक्यावर गाठोडं."

"मग सोलापूरच्या वेशीवर कुणी अडवलं?"

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "अडवलं न्हाय. भाकरी दिली."

मला वाटलं, सर आता जिंकल्यासारखं काहीतरी बोलणार. मी असतो तर बोललो असतो, आणि दिवसभर बोललो असतो! सरांनी अण्णांना बाकावर बसायला जागा करून दिली. इरफानने एक फुल्ल चहा अण्णांच्या हातात दिला. "ये मेरे तरफसे, अण्णा. पाहुणे हो आप हमारे!"

*

एक दिवस एका स्थानिक पक्षाचा कार्यकर्ता मोटरसायकल थांबवून फळा वाचायला लागला. गॉगल, हातात कडं, तिशी उलटलेला. त्या दिवशीचं भाष्य होतं, "सत्तेला प्रश्न विचारणारा पत्रकार देशाचा शत्रू नसतो."

"हे कुणाला लिहिलंय, सर?"

"अमेरिकेच्या अध्यक्षांना."

"नक्की?"

"नक्की. वर बातमी त्यांचीच आहे, वाचा. का हो, तुम्हाला लागलं का कुठे?"

कार्यकर्त्याचा चेहरा लाल! त्याने फळा पुसायला हात पुढे केला, तर कारखान्यातून अण्णा बाहेर आले. लुंगी गुडघ्यापर्यंत, खांद्यावर टॉवेल. "ए, थांब. भिंत माझी हाय. त्या फळ्यावरचं मला एक अक्षरबी पटत न्हाय. रोज वाचतो, रोज डोकं फिरतं. पर इतक्या वर्सात मी हात लावला न्हाय, तू कोन लावणार?"

मोटरसायकल गेली. अण्णा सरांकडे वळून म्हणाले, "आजचं तर लईच चुकीचं लिवलंय तुमी," आणि आत निघून गेले.

*

आता या दोघांचं खरं गुपित सांगतो. अण्णांचा अमेरिकेतला सगळ्यात जुना ग्राहक म्हणजे मार्थाबाई. एका लहान गावात त्यांचं दुकान आहे, आजूबाजूच्या हॉटेलांना टॉवेल त्याच पुरवतात. अण्णांचं इंग्रजी जेमतेम, त्यामुळे मार्थाबाईंना जाणारं प्रत्येक पत्र पहिल्यापासून सरांनी लिहिलेलं! पूर्वी कागदावर, आता ईमेलवर. मानधन म्हणून पत्रामागे एक टॉवेल. सरांच्या पत्नी सुमनताई म्हणतात, "घरात माणसं दोन आणि टॉवेलांना कपाट तिसरं!"

सरांची पद्धत अशी, की धंद्याचं शेवटी. आधी मार्थाबाईंच्या गुडघ्याची चौकशी, मग पाऊसपाणी, मग टॉवेल. अण्णा कासावीस व्हायचे. "सर, तेवढं कलरचं लिवा की! गुडघा काय पळून जातोय का?"

सर म्हणायचे, "गुडघा दुखत असला तर माणूस कलर काय बघणार?"

मार्थाबाईंनी मत अण्णांच्याच माणसाला दिलं होतं. तसं त्यांनी निवडणुकीनंतर स्वतःच कळवलं. ते पत्र सरांनी अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं, एक शब्दही न गाळता. अण्णांनी ते महिनाभर पेठेत मिरवलं!

*

आणि मग तो दिवस आला. अमेरिकेने भारतीय मालावर जबर आयातकर लावला. टॉवेलही त्यात आले. सकाळी फळ्यासमोर ही गर्दी! आज सर अण्णांना सोलून काढणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

सरांनी बातमी लिहिली. लाल रेघ मारली. मग खडू डब्यात ठेवला आणि डबा बंद केला. भाष्याची जागा कोरी!

अण्णा त्या दिवशी फळ्याकडे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्या नाहीत. चौथ्या दिवशी सर मला म्हणाले, "चला, आत जाऊ." आत सोळापैकी पाच माग चालू होते. कामगार भिंतीला टेकून बसलेले. बांधून ठेवलेल्या मालाचे गठ्ठे छतापर्यंत. अण्णा एका गठ्ठ्यावर बसले होते, आमच्याकडे बघेनात.

सरांनी खिशातून पेन काढलं. "मार्थाबाईंना पत्र लिहायचंय ना?"

अण्णा गठ्ठ्यावरून उठले. "कुठल्या तोंडानं सांगू तुमाला? लिवा, तुमच्या सरकारनं आमचा गळा दाबला."

"त्यांनी मत कुणाला दिलंय, विसरलात? आपण मतदाराला पत्र लिहीत नसतो, ग्राहकाला लिहितो. नाही, चुकलो. मैत्रिणीला लिहितो." आणि सरांनी सुरुवात केली ती गुडघ्यापासून!

आठ दिवसांनी उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी अण्णा मोबाईल घेऊन फळ्याखाली आले. कामगार, इरफान, मी, सगळे गोळा झालो. "वाचा सर, सगळ्यांसमोर वाचा."

सर एकेक वाक्य वाचून मराठीत सांगत गेले. गुडघा बरा आहे. ऑर्डर रद्द करत नाही, निम्मी करते. वाढलेल्या कराचा काही भार मी उचलते, काही तुम्ही उचला. इतक्या वर्षांत तुमच्या टॉवेलची एकही तक्रार आली नाही, तुम्हाला सोडून मी कुठे जाऊ? कामगारांपैकी एकाने डोळे पुसले. निम्मे तर निम्मे, माग चालणार होते. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

"झालं," म्हणत सरांनी मोबाईल परत केला.

"झालं कसं? एक वळ गाळली तुमी."

"नाही हो."

"गाळली की. काल नातीनं मोबाईलवर मराठी करून दावलं मला सगळं. तीच वळ ऐकायला मी आज आलो, आन तीच तुमी वाचली न्हाय."

सर चष्मा पुसायला लागले. अण्णांनी त्यांच्या बगलेतला डबा घेतला, खडू काढला आणि लाल रेघेखाली मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, "मार्थाबाई म्हंत्यात, मत देताना माझी चूक झाली."

थोडं थांबून खाली अजून एक ओळ लिहिली. "माझीबी. अंबादास."

सर पुढे झाले, डस्टर उचललं आणि दोन्ही ओळी स्वच्छ पुसून टाकल्या.

"अण्णा," ते म्हणाले, "मतदान गुप्त असतं!"