चार हात दोरी

बाळाच्या सातव्या दिवशी जे कोणी बोलू नये ते मी बोललो, आणि तेही तोंडात तमीन्याचा घास असताना. भाजलेला रवा, लोणी आणि मध यांचा तो गोळा तोंडात असला की माणसानं गप्प बसावं, अशीच देवाची योजना असणार. मी ती मोडली.

घर माझ्या बहिणीचं, मबरूकाचं. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर तिला मुलगा झाला होता, त्याचं नाव नुई ठेवलं होतं. आम्ही पुरुष अंगणात, बायका आतल्या खोलीत, मधलं दार सताड उघडं. तिचा नवरा तिजानी पोराला घेऊन बसला होता. तिजानीची आमच्या तुग्गुर्त गावच्या बाजाराच्या टोकाला पावाची भट्टी. त्या दिवशी त्यानं कोपरापर्यंत तीनदा हात धुतले होते, तरी नखांत पीठ होतंच.

शेजाऱ्यानं नावाआधी मानाचं 'सी' लावून खोडी काढली, "सी तिजानी, दुपारी तर तुला घोरायचं असतं. पोराला कुठं टाकणार?"

"टाकणार कशाला? माझ्या छातीवर झोपेल."

मी म्हणालो, "नुई, सांभाळ रे बाबा! हा कुशीवर वळला की तुझी भाकरी झालीच. मग भट्टीत सरकवायची तेवढी बाकी."

अंगण हसलं. मीही हसलो, कारण माझ्या विनोदावर पहिला मीच हसतो. आत मात्र पातेल्यातला डाव थांबला. तिजानीची आई, लल्ला खदूज, दारात आली.

"कोण बोललं?"

"अगं यम्मा, लझार बोलला. पोरगं आहे, थट्टा करतंय," तिजानी म्हणाला.

"पोरगं? मिशा कोणाच्या आहेत मग?" तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "सातव्याला घरात टाकलेला शब्द घरातच राहतो. ज्यानं टाकला त्यानंच उचलायचा. चाळिसाव्याला पोर उंबरा ओलांडेल. त्याच्या आधी यायचं, पोराला मांडीवर घ्यायचं, मुठीत मीठ धरायचं आणि आपल्या तोंडानं म्हणायचं, मी माझा शब्द मागे घेतला. तोवर तिजानी पोराजवळ झोपणार नाही."

"बरं," मी म्हणालो. मीठच तर न्यायचं होतं.

तिजानीनं पोर आईच्या हातात दिलं आणि भिंतीशी उभ्या असलेल्या गुंडाळीकडे पाहिलं. ती चटई त्यानं मबरूकाला दिवस गेल्याचं कळल्याबरोबर विणायला टाकली होती. विणकरानं विचारलं, "एवढी रुंद? काय उंट झोपवायचाय?" हा म्हणाला, "तिघं झोपणार आहोत."

गावातले बाकीचे बाप रात्री पोरांच्या शेजारी झोपतात आणि त्याबद्दल कुरकुरतात. तिजानीची रात्र पिठात जायची. सकाळचा पाव विकून बाराला घरी, दोन घास खायचे, मग दुपारच्या नमाजापासून असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, अजानपर्यंत झोप. पुन्हा पिठाच्या पोत्यांमागे, लाकडांमागे. पोराजवळ पडायला त्याला दिवसातले तेवढेच तीन तास. कहवाखान्यात लोक आपल्या पोरांना डॉक्टर नाहीतर इंजिनिअर करायच्या गोष्टी करायचे. हा म्हणायचा, "मला नुसतं त्याच्या शेजारी झोपायचंय. पुढचं तो बघेल."

आता खरं सांगायचं तर मी चूक बोललो नव्हतो, हीच तर पंचाईत. मबरूकानं दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "रात्रभर राबलेल्या माणसाची झोप दगडासारखी असते. त्याच्या अंथरुणात तान्हं नको. पण खोली एकच असू दे. पोराची गादी वेगळी, हात पोचेल एवढी जवळ. बघेल, हात लावेल, मग झोपेल." चांगला तोडगा होता. पण लल्ला खदूजच्या घरात माझा शब्द आधी पोचला होता. तिनं दोन खोल्यांच्या मधल्या दाराला पडदा लावला. पोर आणि आई पडद्याच्या आत, तिजानी बाहेर.

चाळिसाव्या दिवशी मी दूर वार्गला शहरात होतो. पोस्टातल्या नोकरीची परीक्षा होती. लोकांना मी अजून एवढंच सांगतो. परीक्षा दहाला संपली आणि तुग्गुर्तची बस अकराला होती, हे सांगत नाही. मित्र म्हणाले, शिगेवरचं मांस खाऊ, मग मॅच बघू. मीही म्हटलं, शिकलेला माणूस मी, मिठाची मूठ घेऊन कुठं धावू? दुपारी बहिणीला फोन केला.

"लल्लाला सांग, मी शब्द मागे घेतला."

फोन हातातून हातात गेला. पलीकडून म्हातारीचाच आवाज, "तोंडातून पडलेला शब्द फोननं उचलत नाहीत, बाळा. जेवलास का?"

"हो."

"मग झालं."

मबरूकानं नंतर परसात जाऊन पुन्हा फोन केला. आवाज एकदम खाली. "लझार, तुला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. तिजानीच्या आधी लल्लाला एक मुलगी झाली होती. सासरेही भट्टीवालेच. भर दुपारी तिला कुशीत घेऊन झोपले. असरला लल्ला उठवायला गेली..." परसाचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. "लल्लाला कोणीतरी म्हणायला हवं होतं रे, की यावेळी तसं होणार नाही. तू म्हणणार म्हणून सकाळपासून वाट बघत होती. चटई तिनंच उलगडून ठेवली होती. तिन्हीसांजेला पुन्हा गुंडाळली."

आठ दिवसांनी मी गेलो, खिशात मिठाची पुडी घेऊन. लल्ला खदूजनं कॉफी दिली, खजूर दिले, परीक्षेचं विचारलं. मी सगळी उत्तरं दिली. पुडी खिशातच राहिली. तिनं काही मागितलं नाही, आणि न मागता द्यायचं धाडस शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

तिजानीनं मात्र आपली वाट काढली होती. नुईची झोळी आत छताच्या खजुरी वाशाला टांगलेली. तिला त्यानं काथ्याची दोरी बांधली, पडद्याखालून बाहेर काढली आणि दुसरं टोक आपल्या पायाच्या अंगठ्याला. चार हात दोरी. बाहेर हा जुन्या अरुंद चटईवर उताणा, घोरतोय, आणि अंगठा हलतोय. आत झोळी झुलतेय.

मी म्हणालो, "सी तिजानी, अंगठ्याला भोवरी आली बघ."

"येऊ दे. तो झोपला की दोरी जड होते, मला झोपेतही कळतं."

विनोद करायला जागा होती. पण तेवढ्या एकदाच मी गप्प बसलो.

मला वार्गलात नोकरी लागली. ईदला जायचो. एका ईदला नुई रांगत होता, पुढच्या ईदला चालत होता, त्याच्या पुढच्या ईदला मला "ए मिशीवाल्या" म्हणत होता. दर ईदला मी मीठ घेऊन जायचो आणि घेऊन यायचो. झोळी उतरली. नुई आईच्या आणि आजीच्या मध्ये झोपू लागला, पण दुपारी झोपताना दोरीचं टोक मुठीत लागायचं. पडद्याबाहेरून बाप एकदा ओढायचा, हा आतून एकदा ओढायचा. मग झोप.

गेल्या ईदच्या दुसऱ्या दिवशी लल्ला खदूजनं स्वतःच पडदा काढला. आता ती खूप थकली आहे. खुर्चीवर चढू नको म्हटलं तरी चढली. "चार वर्षांचा झाला," ती म्हणाली. "आता हा दाबला गेला तर ओरडेल तरी. ओरडायला नुसतं तोंड हवं, ते तर मामाचंच घेतलंय."

तिजानीनं आत रुंद चटई अंथरली. माणूस पन्नाशीला आलेला, पण नव्या नवऱ्यासारखा कडेला सरकून पडला, पोराला जास्त जागा. नुई त्याच्या शेजारी पडला. वळला. पुन्हा वळला. उठून बसला.

"तू गरम आहेस."

"भट्टीवाला आहे ना मी."

"इथं झोप येत नाही. तू तिकडं जा." त्यानं खुंटीवरची दोरी आणली, एक टोक बापाच्या हातात दिलं. "तिकडनं ओढ."

मबरूका म्हणाली, "अरे, बाबा जवळ आहे तर दोरी कशाला?"

"दोरीशिवाय बाबा नसतो," नुई म्हणाला. खरं तेच सांगितलं त्यानं.

तिजानी उठला. बाहेरच्या खोलीत उघड्या फरशीवर जाऊन झोपला आणि दोरी ओढली. आतून उत्तर आलं. पुन्हा ओढली, पुन्हा आलं. मग आतून यायचं थांबलं, तरी तो बराच वेळ हलके हलके ओढत राहिला.

मी उंबऱ्यावर बसलो होतो. लल्ला खदूज चहा ओतत होती.

"मीठ आणलंयस?" तिनं विचारलं. वर पाहिलं नाही.

माझा हात खिशाकडे गेला. "तुला ठाऊक होतं?"

"दर ईदला खिसा फुगलेला असतो. तंबाखू तू ओढत नाहीस."

"आणलंय. पण पोराला मांडीवर घ्यायचं ना? ते झोपलंय."

"उठेल की."

"माझी बस चारची आहे, लल्ला."

पावणेचारपर्यंत बाप-लेक दोघंही उठले नाहीत. दोरी दोघांच्या मध्ये फरशीवर सैल पडली होती. मी तिच्यावर पाय पडू न देता बाहेर पडलो. दारात म्हणालो, "पुढच्या ईदला नक्की."

"हो, हो," लल्ला खदूज म्हणाली. "मीठ काही नासत नाही."